माळ्यावरचा गंजका रंधा भंगारात देऊ नका

खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात आपल्याकडे लोखंड गंजणारच. पण वरचा गंज बघून आजोबांची पटाशी किंवा रंधा निकालात काढू नका. आतलं पोलाद बहुतेकदा शाबूत असतं.

पातं सुटं करून रात्रभर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. लाकडी भाग मात्र भिजवायचा नाही. सकाळी तारेच्या ब्रशने घासलं की काळपट चिखलासारखा गंज निघतो. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. पुसून लगेच तेल लावा. दमट हवेत उघडं पातं तासाभरातही तांबूस पडतं.

आता धार. सगळे उतरत्या बाजूवर घासत बसतात, पण आधी पाठ, म्हणजे पात्याची सपाट बाजू, बघा. काचेच्या सपाट तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवून पाठ घासा, टोकाजवळचा बोटभर भाग एकसारखा चमकेपर्यंत. पाठीवर गंजाचा एक खड्डा जरी धारेपर्यंत आला, तरी तिथे धार तुटकीच राहते. उतार साधारण 25 अंशांचा ठेवा. ग्राइंडर वापरलात तर पातं सारखं पाण्यात बुडवा. टोक निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं समजा.

रोजच्या वापराला मशीन ऑइल बरं. खोबरेल हाताशी असतं खरं, पण ते थंडीत थिजतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तेलाचं फडकं फिरवा.