अनुभवी टेक्निशियननं सर्टिफिकेशन करावं का? ठरवताना या चुका टाळा

भोसरी किंवा अंबड एमआयडीसीत दहा-बारा वर्षं एएमसीचे (ऑफिसांतल्या कॉम्प्युटर-नेटवर्कच्या वार्षिक देखभालीचे) कॉल घेतलेल्या माणसाला स्विच कुठे अडकलाय ते रॅकच्या दिव्यांवरून कळतं. त्याची अडचण वेगळीच असते. नव्या कंपनीत अर्ज केला की बायोडेटा पुढे सरकत नाही, आणि दोन वर्षांच्या अनुभवावर सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) केलेला पोरगा मुलाखतीला जाऊन बसतो. मग रागाच्या भरात क्लास लावला जातो, नाहीतर त्याच रागात ‘कागदाला कोण विचारतं’ म्हणत विषय मिटवला जातो. दोन्ही निर्णय घाईचे. त्या घाईत होणाऱ्या चुका बहुतेक ठरलेल्या असतात.

कागद कोण वाचणार, हे न ठरवता फी भरणं

सगळ्यात महाग चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्यातूनच निघतात. ज्यानं तुम्हाला काम करताना पाहिलंय त्याला सर्टिफिकेट दाखवून काही नवीन कळत नाही. कागद लागतो तो अनोळखी माणसासाठी. तेव्हा पहिला प्रश्न ‘मी कोणतं सर्टिफिकेट करू’ हा नाहीच. तो कागद नेमका कोणाच्या टेबलावर जाणार आहे, हे आधी ठरवा.

एचआरच्या टेबलावर जाणार असेल, तर तिथं बसलेल्या व्यक्तीला व्हीलॅन आणि सबनेट (नेटवर्कचे भाग पाडायच्या दोन पद्धती) यांतला फरक माहीत असायचं कारण नाही. ती पोर्टलवर ‘सीसीएनए’ टाकून शोधते आणि ज्यांच्या बायोडेटात तो शब्द आहे तेवढेच समोर येतात. तुमची बारा वर्षं त्या शोधात उमटतच नाहीत. अशा ठिकाणी सर्टिफिकेटनं नोकरी मिळत नाही, मुलाखत मिळते. पुढचं अनुभवावर.

निविदेचं गणित आणखी कोरडं. नेटवर्क किंवा डेटा सेंटरच्या सरकारी निविदांमध्ये पुष्कळदा अट असते की कामावर अमुक इतके सीसीएनए, सीसीएनपी (सिस्कोची त्यावरची पातळी) किंवा आरएचसीई (रेड हॅटचं लिनक्सचं सर्टिफिकेट) पात्रतेचे इंजिनिअर हवेत. बोली लावणारी कंपनी त्यांच्या सर्टिफिकेटच्या प्रती जोडते. तिथं कौशल्यावर चर्चा होत नाही, रकाना भरला की नाही एवढंच पाहतात. सिस्को, मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट यांच्या पार्टनर कंपन्यांचंही असंच: वरची पातळी टिकवायला त्यांना सर्टिफाइड माणसं मोजून दाखवावी लागतात. तुमचा मालक यांपैकी कशात असेल, तर तुमच्या सर्टिफिकेटची गरज तुमच्याइतकीच त्यालाही आहे. मग परीक्षेची फी स्वतःच्या खिशातून भरण्याआधी त्याच्याशी बोला.

आणि कागद कोणीच वाचणार नसेल तर? सांगलीत स्वतःचं दुकान आहे, तीस-चाळीस दवाखाने आणि सीएंची ऑफिसं सांभाळता, नवीन काम तोंडी शिफारशीवर येतं. तुमच्या भिंतीवर काय लावलंय याकडे त्यातलं कोणी बघत नाही. तिथं तोच पैसा फायरवॉल आणि बॅकअप नीट शिकण्यात घाला. फायरवॉल बनवणाऱ्या फोर्टिनेटसारख्या कंपन्या स्वतःचे ऑनलाइन कोर्स फुकट देतात, परीक्षा देण्याची सक्ती नसते.

शंका असेल तर एक संध्याकाळ काढा. तुम्ही खरोखर अर्ज कराल अशा, म्हणजे तुमच्या शहरातल्या आणि तुम्हाला परवडेल त्या पगाराच्या, पंधरा-वीस जाहिराती उघडा. ‘असलंच पाहिजे’ आणि ‘असल्यास उत्तम’ यांची वेगळी मोजणी करा. दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टीसाठी कर्ज काढू नये.

डिग्रीची जागा सर्टिफिकेट भरून काढेल असं धरणं

भरत नाही. आयटीआय किंवा बारावीनंतर थेट फील्डवर आलेल्या अनेकांचा हा गैरसमज असतो. सरकारी भरतीत जी शैक्षणिक अर्हता लिहिलीय ती लागतेच, आणि ‘पूर्णवेळ पदवी’ मागणाऱ्या मोठ्या कंपनीत सीसीएनपीही कामाला येत नाही. उलट टोकाचा घोळही दिसतो: एमएस-सीआयटी बायोडेटात सर्टिफिकेशनच्या खाली लिहिलेलं असतं. ती संगणक साक्षरतेची परीक्षा. राज्य सरकारी नोकरीत तिचा उपयोग आहे, पण नेटवर्क इंजिनिअरच्या बायोडेटात ती वर दिसली की वाचणारा बाकीचंही त्याच नजरेनं वाचतो.

अमेरिकेतला सल्ला जसाच्या तसा उचलणं

यूट्यूबवर सांगतात, आधी ए प्लस, मग नेटवर्क प्लस, मग सिक्युरिटी प्लस (तिन्ही कॉम्पटिया या अमेरिकी संस्थेच्या परीक्षा). तो रस्ता तिथं चालतो त्यामागे कारण आहे. अमेरिकी संरक्षण खात्यानं २००५ मध्ये ८५७० नावाच्या नियमावलीत कोणत्या कामाला कोणतं सर्टिफिकेट लागेल ते ठरवून दिलं, आणि सिक्युरिटी प्लसला तिथं पक्की मागणी तयार झाली. आता त्या जागी ८१४० आहे. पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या जाहिरातीत ते नियम लागू नाहीत. इथं नेटवर्कसाठी सिस्को, सर्व्हरसाठी रेड हॅट आणि मायक्रोसॉफ्ट, क्लाउडसाठी अझूर आणि एडब्ल्यूएस हीच नावं जास्त दिसतील. तुमचा मेहुणा टेक्सासात असेल आणि तुम्हीही तिकडे जाणार असाल, तर गोष्ट वेगळी.

पहिल्या पायरीपासून सुरुवात करणं

ए प्लस ही साधारण वर्षभर हात काळे केलेल्या माणसासाठी बेतलेली परीक्षा आहे, आणि त्यात एक नाही, दोन पेपर असतात. बारा वर्षांच्या माणसानं ती करायला हरकत नाही, पण त्यातून त्याच्याबद्दल नवीन काय सिद्ध झालं? सीसीएनएला कुठल्याही आधीच्या सर्टिफिकेटची अट नाही. २०२० पासून सीसीएनपीलाही नाही. क्लासवाले ‘हार्डवेअरपासून एमसीएसईपर्यंत’ असं पॅकेज विकतात, कारण पॅकेजमध्ये त्यांचा फायदा असतो. त्या पॅकेजमध्ये एमसीएसई (मायक्रोसॉफ्टचं जुनं सर्टिफिकेट) दिसलं तर तिथूनच परत फिरा: मायक्रोसॉफ्टनं ते ३१ जानेवारी २०२१ ला बंद केलंय. जाहिरातींमध्ये हा शब्द अजून येतो, कारण जाहिरात जुन्या फाइलवरून कॉपी केलेली असते. अशा ठिकाणी फोन करून ‘एझेड-१०४ (अझूर सांभाळण्याची परीक्षा) चालेल का’ विचारलं की काम होतं.

पुस्तकांचंही तसंच. अप्पा बळवंत चौकात जुनं पुस्तक स्वस्तात मिळतं, पण वरचा परीक्षेचा क्रमांक बघा. ए प्लसचे ११०१ आणि ११०२ हे पेपर २०२५ मध्ये बंद होऊन १२०१ आणि १२०२ आले. दोन्ही पेपर एकाच मालिकेतले लागतात.

‘मला सगळं येतं’ म्हणून तयारी न करणं

अनुभवी माणूस नापास होतो तो इथं. रोजच्या कामात मेंदू थेट उत्तरावर उडी मारतो: प्रिंट फिकट येतेय, ड्रम बदल. परीक्षा क्रम विचारते. कॉम्पटियाच्या पद्धतीत आधी अडचण नक्की ओळखायची, मग कारणाचा अंदाज, अंदाजाची तपासणी, कामाची आखणी, सगळं चालतंय याची खात्री आणि शेवटी नोंद. प्रश्नात ‘सर्वात आधी काय कराल’ असं असेल, तर तुमचा खराखुरा, रोज चालणारा उपाय चौथ्या पायरीचा असतो आणि उत्तर चुकतं. नोंदीच्या पायरीबद्दल न बोललेलंच बरं. कॉल शीटवर ‘प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड’ एवढंच लिहून सही घेणारे आपण.

रेड हॅटची लिनक्सवरची आरएचसीएसए परीक्षा हातानं करायची असते: तीन तास, ३०० पैकी २१० गुण, इंटरनेट नाही. मशीन रीबूट झाल्यावरही तुम्ही केलेलं टिकलं पाहिजे, मगच गुण. साइटवर आपण सेवा चालू करतो, चालली की निघतो. रीबूट झाल्यावर बंद पडली तर पुन्हा फोन येतो आणि तेव्हा बघतो. परीक्षेत तो फोन येत नाही. एसईलिनक्सचंही (लिनक्समधल्या सुरक्षा-व्यवस्थेचंही) तेच. अडथळा आला की ते बंद करून टाकायची फील्डवरची सवय इथं गुण घालवते.

दुसरा धोका अरुंद अनुभवाचा. वर्षं बारा असली तरी काम एकाच प्रकारचं असू शकतं. पॅच पॅनेल, क्रिम्पिंग, कॅमेरे आणि ब्रॉडबँडचा राउटर यांत मुरलेला माणूस सीसीएनएच्या ओएसपीएफ (राउटरनी आपसांत रस्ता ठरवायची पद्धत), आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) आणि जेसन (माहिती मांडायचा साचा) यांवरच्या प्रश्नांना पहिल्यांदाच भेटतो. सीसीएनएमध्ये एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही, त्यामुळे सबनेटिंग बोटांवर नसेल तर १२० मिनिटं झरझर संपतात.

उपाय साधा आहे. प्रत्येक परीक्षेच्या विषयांची यादी कंपनीच्या साइटवर फुकट मिळते. ती छापा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा: रोज करतो, कधीतरी केलंय, कधीच नाही. बहुतेक ओळी पहिल्या रकान्यात गेल्या तर क्लास नको, सराव प्रश्न आणि थोडा अभ्यास पुरे. ‘कधीच नाही’चा ढीग मोठा असेल तर वाईट वाटून घेऊ नका. परीक्षा दिली नाहीत तरी ती यादी तुमच्याजवळ राहीलच, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत कामाचा कागद तोच.

डंप

डंप म्हणजे परीक्षेतून फुटलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं; व्हॉट्सअॅपवर त्यांच्या पीडीएफ फिरतात. त्यांतली बरीच उत्तरं चुकीची असतात, आणि सापडलात तर सर्टिफिकेट रद्द होऊन पुढच्या परीक्षांचीही बंदी येऊ शकते. शिवाय मुलाखतीत समोरचा दोन प्रश्नांत ओळखतो, आणि मग तुमच्या खऱ्या अनुभवावरही शंका घेतो. पोरासोरांना हे कदाचित परवडेल, बारा वर्षांचं नाव असलेल्याला नाही.

परीक्षेच्या दिवशीचे घोळ

अभ्यासाशी संबंध नसलेली कारणं, पण फी बुडते. पिअर्सन व्ह्यूवर (यांतल्या बऱ्याच परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या साइटवर) नोंदवलेलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळावं लागतं. आपल्याकडे आडनाव आधी, मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, लग्नानंतर पासपोर्टवर एक आणि आधारवर दुसरं. नोंदणी करण्याआधीच हे जुळवा, आणि कोणतं ओळखपत्र चालतं तेही वाचून घ्या.

घरून परीक्षा देत असाल तर खोली रिकामी, टेबल मोकळं, दुसरा मॉनिटर काढलेला. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर प्रॉक्टर (कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणारा पर्यवेक्षक) टोकतो. मध्येच कोणी चहा घेऊन आत आलं तर परीक्षा तिथंच थांबू शकते. ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका. त्यातला व्हीपीएन आणि सुरक्षा सॉफ्टवेअर परीक्षेच्या प्रोग्रॅमला अडवतं. लोडशेडिंगचा भाग असेल तर सरळ सेंटरवर जा.

फक्त परीक्षेची फी मोजणं

सीसीएनएची फी ३०० डॉलर, वर कर, आणि नापास झालात तर पुन्हा पूर्ण फी. त्यानंतर मुदत: सीसीएनए आणि आरएचसीएसए तीन वर्षं. ए प्लसही तीन वर्षं, आणि ते टिकवायला पुढच्या शिक्षणाच्या गुणांबरोबर दरवर्षीचं शुल्क. मायक्रोसॉफ्टची कामावर आधारित सर्टिफिकेट एकाच वर्षाची, पण नूतनीकरण ऑनलाइन आणि फुकट. तारीख मात्र चुकली की मूळ परीक्षा पुन्हा द्यावी लागते. नोकरी बदलायचा विचार दोन वर्षांनंतरचा असेल, तर आज मिळवलेल्या तीन वर्षांच्या कागदाची दोन वर्षं कपाटातच जातील.

चाळिशीच्या पुढे, टीम लीड किंवा सर्व्हिस डेस्क सांभाळण्याकडे वाटचाल असेल, तर तांत्रिक परीक्षेऐवजी आयटीआयएल फाउंडेशन (आयटी सेवा कशी चालवायची त्याची परीक्षा) बघा. ४० प्रश्न, एक तास, २६ बरोबर आले की पास. मोठ्या कंपन्यांत तिकीट (नोंदवलेली तक्रार), बदल आणि एसएलए (किती वेळात काम होईल याचा करार) यांची जी भाषा चालते ती त्यातून आलीय, आणि ती न येणारा उत्तम टेक्निशियनही बैठकीत गप्प बसतो.

कंपनी फी देणार असेल तर लेखी घ्या: आधी देणार की पास झाल्यावर, नापास झालात तर कोणाचे पैसे, आणि बदल्यात बाँड किती महिन्यांचा. परीक्षेच्या फीसाठी दोन वर्षांचा बाँड मागितला, तर फी स्वतः भरलेली स्वस्त पडते.