सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडांविषयीचा दावा कसा तपासावा

सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडे म्हणजे साधारणतः 12 ते 50 अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या असून त्या बेडकाच्या त्वचेपासून माणसाच्या पांढऱ्या पेशींपर्यंत अनेक ठिकाणी आढळतात. अशा पेप्टाइडापासून नवे औषध मिळाल्याची बातमी वाचनात आली, तर आधी ते कोणत्या रोगजंतूविरुद्ध वापरले, हे पाहावे. या पेप्टाइडांपैकी बहुतेकांवर धनप्रभार असतो आणि जिवाणूच्या पटलाची (पेशीभोवतीच्या पातळ पडद्याची) बाहेरची बाजू ऋणप्रभारित असते. त्यामुळे पेप्टाइड तेथे चिकटते व पटल फोडते. आपल्या पेशींची बाहेरची बाजू जवळजवळ उदासीन असल्याने त्या बऱ्याच अंशी वाचतात.

विषाणूंच्या बाबतीत मात्र हे गणित अवघड होते. इन्फ्लुएन्झा, एचआयव्ही किंवा करोना विषाणू आपले आवरण यजमान पेशीच्याच पटलापासून मिळवतात, तर पोलिओच्या विषाणूला असे आवरणच नसते. म्हणून एका विषाणूवर यश आले, तरी ते दुसऱ्याला लागू होईल असे गृहीत धरू नये. शिवाय पटल फोडणे हाच एक मार्ग नव्हे: 2003 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले एन्फुविर्टाइड हे 36 अमिनो आम्लांचे पेप्टाइड एचआयव्हीचे आवरण पेशीच्या पटलाशी एकरूप होण्याची क्रिया रोखते.

यानंतर चाचणी कोणत्या द्रावणात झाली, ते शोधावे. माणसाच्या शरीरातील एलएल-37 हे पेप्टाइड रक्तातील प्रथिनांना बांधले गेले की त्याचा प्रभाव घटतो. त्यामुळे क्षार व रक्तद्रव न मिसळता मिळालेल्या निकालावर फारसे विसंबू नये. याच ठिकाणी दोन आकडे शेजारी ठेवावेत: जंतूची वाढ थांबवणारे किमान प्रमाण आणि तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात ते प्रमाण. समजा, पहिले मिलिलिटरला 4 मायक्रोग्रॅम आणि दुसरे 8 असेल, तर शिरेवाटे देण्यासाठी हे अंतर फारच तोकडे आहे. माझ्या मते संपूर्ण शोधनिबंधात याहून महत्त्वाची तुलना नसते, आणि बातम्यांतून नेमकी तीच गळते.

औषध कसे दिले जाणार, हेही पाहावे, कारण तोंडावाटे घेतलेली बहुतेक पेप्टाइडे पचनात मोडतात. इंजेक्शननेही प्रश्न सुटतोच असे नाही. डॅप्टोमायसिन हे लिपोपेप्टाइड (मेदाम्ल जोडलेले पेप्टाइड) प्रतिजैविक रक्तातील संसर्गावर उपयोगी पडते, पण फुप्फुसातील पृष्ठताण कमी करणाऱ्या द्रवामुळे निष्प्रभ होत असल्याने न्यूमोनियावर वापरत नाहीत.

शेवटी, तुलना कशाशी केली ते वाचावे. संशोधक मायकेल झॅस्लॉफ यांनी 1987 साली बेडकाच्या त्वचेतून मॅगेनिन वेगळे केल्याचे जाहीर केले. त्यावरून घडवलेले पेक्सिगनान मलमाच्या रूपात मधुमेही रुग्णांच्या पायांवरील संसर्गित जखमांसाठी मानवी चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचले. ओफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांच्या तुलनेत त्याचा गुण साधारण तेवढाच आला, आणि 1999 साली अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला मान्यता नाकारली.