मूल बोलताना अडखळतं, मूल जेवत नाही: घरात होणाऱ्या या चुका टाळा

स्पीच थेरपीला मुलांना घेऊन येणाऱ्या आईवडिलांची तक्रार बहुतेक वेळा दोनांपैकी एक असते: "बोलताना अडकतो" नाहीतर "काही केल्या जेवत नाही." तक्रारी वेगळ्या असल्या तरी घरातल्या चुका सारख्याच असतात. मोठ्यांना घाई असते आणि सगळ्यांची नजर मुलाच्या तोंडावर खिळलेली असते.

"थांब, श्वास घे, आता नीट सांग"

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त नुकसान करते. अडखळणं आईवडिलांमुळे सुरू होत नाही. त्यामागे अनुवंश असतो आणि मेंदूतली बोलण्याची जुळणी असते. पण त्यात भीती आणि लाज मिसळायची की नाही, हे बरंचसं घरावर अवलंबून असतं.

एकत्र कुटुंबातला चार वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. आजोबा निवृत्त शिक्षक, उच्चारांच्या बाबतीत काटेकोर. नातू "आ-आ-आजोबा" म्हणाला की ते त्याला थांबवायचे, श्वास घ्यायला लावायचे आणि वाक्य पहिल्यापासून म्हणवून घ्यायचे. संध्याकाळी हाच मुलगा परवचा घडाघडा म्हणायचा. त्यामुळे घरात सगळ्यांचं पक्कं मत झालेलं: पाढे म्हणताना येतं, म्हणजे एरवी मुद्दाम करतो.

तो मुद्दाम करत नव्हता. पाठ केलेलं, तालात किंवा सगळ्यांबरोबर म्हटलेलं अडखळणाऱ्या मुलांना बहुतेक वेळा सहज जमतं, गाणंही जमतं. स्वतःचं वाक्य त्याच क्षणी जुळवून समोरच्याला सांगणं हे वेगळं काम आहे. हा मुलगा शब्दावर अडकला की डोळे घट्ट मिटायचा, मान झटकायचा. आणि "आजोबा" हा शब्दच त्याने सोडून दिला होता. खेळताना कोणी त्यांच्याबद्दल विचारलं की म्हणायचा, "ते... मोठे बाबा." आजोबांनी ते माझ्यासमोरच पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

अशा घरी मी आधी एकच काम देते. ज्या माणसाकडून जास्त टोकणं होतं, त्याने रोज पाच मिनिटं मुलाशेजारी जमिनीवर बसायचं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. मूल खेळेल ते खेळायचं. शिकवायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, प्रश्नांची सरबत्ती करायची नाही. आपण सावकाश बोलायचं आणि उत्तर देण्याआधी मनात दोन अंक मोजायचे. अडखळला तरी डोळ्यांत बघत राहायचं आणि वाक्य त्याचं त्याला पुरं करू द्यायचं. या मुलाचं मान झटकणं काही आठवड्यांत थांबलं आणि "आजोबा" हा शब्द परत आला. अडखळणं लगेच गेलं नाही. त्यासाठी पुढे रीतसर थेरपी करावी लागली.

तीन सेशनमध्ये निकाल मागणाऱ्यांना मी हे स्पष्ट सांगते. जाहिरातीत "सात दिवसांत कायमचा इलाज" असं वाचलं की दुसरीकडे वळा.

अर्धवट माहितीवर सुरू केलेली थेरपीही तितकीच वाईट. सिडनीत तयार झालेला लिडकोम्ब प्रोग्रॅम सहा वर्षांखालच्या मुलांसाठी चांगला आहे आणि तो आईवडीलच घरी करतात. पण व्हिडिओ बघून कोणी दिवसभर "छान बोललास" चा मारा करतं, कोणी प्रत्येक अडखळण्यावर बोट ठेवतं. त्या पद्धतीत न अडखळता बोलल्याचं कौतुक जास्त आणि अडखळल्याचा उल्लेख फार कमी असतो. ते प्रमाण थेरपिस्ट मुलाला वरचेवर बघून ठरवते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. तोंडात गोटी किंवा सुपारी ठेवून बोलायला लावू नका, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. जिभेखालचा पडदा कापल्याने अडखळणं जात नाही. वेखंड चाटवूनही जात नाही. फुगे फुगवून आणि मेणबत्त्या विझवून मूल फक्त दमतं. इंग्रजी माध्यमात घातलं म्हणून घरातली मराठी बंद करू नका. पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव" तर नकोच.

"मोठा झाला की आपोआप जाईल"

साधारण 5 टक्के मुलं कधी ना कधी अडखळतात. बहुतेकांचं 2 ते 5 वर्षांच्या दरम्यान सुरू होतं आणि त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचं थांबतंही. आपलं मूल त्यात आहे की नाही, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. सहा महिने उलटले, घरात आणखी कोणी अडखळणारं असलं, डोळे मिटणं किंवा शब्द टाळणं सुरू झालं, तर वाट बघू नका. थेरपिस्टकडे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची (अशा थेरपिस्टची नोंद ठेवणाऱ्या सरकारी परिषदेची) नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा.

मिक्सर आणि मोबाइल

आता जेवणाकडे. अडीच वर्षांची मुलगी, सगळे दात आलेले, आणि जेवण म्हणजे मिक्सरमधून काढलेलं वरण-भात-भाजीचं गुळगुळीत खिमट. बाबांच्या हातात मोबाइल, आजीच्या हातात चमचा. कार्टून बघताना तोंड उघडं राहिलं की चमचा आत. मुलीला आपण काय खाल्लं ते कळत नव्हतं आणि पोट भरल्याचंही कळत नव्हतं. भाताचं एक शीत जिभेवर आलं तरी तिला उमासा यायचा.

सहाव्या महिन्यानंतर वरचं अन्न सुरू झालं की आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत त्यात मऊ गुठळ्या यायला हव्यात. चावायला शिकण्याची ही वेळ टळली, की पुढे खाण्याचे हट्ट वाढतात. म्हणून मिक्सर आधी बंद करा, पण एका दिवसात पोळी-भाजीवर उडी नको. भात चमच्याने घोटा, मग बोटांनी कुस्करा, मग नुसता मऊ वाढा. दर आठवड्याला कुस्करणं थोडं कमी करायचं. मुलाला पाय टेकतील असं बसवा. ताटात काय आणि कधी वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते मूल ठरवेल. नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर मुलं तो तोंडात घालतात; दोनदा थुंकला म्हणून "आवडत नाही" असा शिक्का मारू नका. दिवसाला अर्धा लिटरपेक्षा जास्त दूध पिणाऱ्या मुलाला भूक लागणार तरी कशी?

पायांवर आडवं घेऊन, नाक दाबून बोंडल्याने घशात ओतणं तर ताबडतोब थांबवा.

उमासा आला म्हणून घाबरू नका. तोंड लाल होतं, आवाज येतो आणि मूल स्वतः घास पुढे ढकलतं. आवाजच बंद झाला आणि ओठ निळे पडू लागले, तर घास अडकला आहे; तेव्हा क्षणाचाही उशीर चालत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं देऊ नका. आणि पाणी पिताना दरवेळी खोकला येत असेल, जेवल्यावर आवाज घरघरत असेल, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर घरचे प्रयोग थांबवून आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या.