डाळिंबाच्या सालीने कॅन्सरच्या पेशी 'मारताना' या चुका टाळा

सोलापुरात विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की डाळिंबाची साल कुणाच्या ना कुणाच्या यादीत येतेच. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सांगोला-मंगळवेढ्याकडे बागा आहेत आणि साल ज्यूसवाला फुकट देतो. तोंडाचा कॅन्सर काय असतो हेही इथे कुणाला सांगावं लागत नाही. मिश्री, मावा, चुना-तंबाखू आणि विडी घरोघरी पाहिलेली असते. तेव्हा 'सालीच्या अर्काने तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये अ‍ॅपॉप्टोसिस' हे शीर्षक आपोआप तयार होतं. अ‍ॅपॉप्टोसिस म्हणजे पेशीने ठरल्या क्रमाने स्वतःला संपवणं.

विषयाला नाक मुरडू नका. दारातल्या सदाफुलीतून निघालेलं व्हिन्क्रिस्टिन 1963 पासून ब्लड कॅन्सरवर वापरात आहे, यू नावाच्या झाडातून आलेल्या पॅक्लिटॅक्सेलला अमेरिकेत 1992 मध्ये मान्यता मिळाली. वनस्पतीतून कॅन्सरचं औषध निघतं, यात वाद नाही. पण ही औषधं अर्क म्हणून दवाखान्यात आलेली नाहीत. एकेक रेणू वेगळा काढून, मोजून, वर्षानुवर्षं तपासून आली. आपल्याकडचे बरेच प्रोजेक्ट मात्र 'पेशी कमी झाल्या' इथून 'अ‍ॅपॉप्टोसिस झाला' इथे एका उडीत पोचतात, आणि व्हायव्हात परीक्षकाचा पहिला प्रश्न तिथेच येतो.

घोळ सालीपासूनच सुरू होतो

गाड्यावरून आणलेली साल कोणत्या वाणाची, कोणत्या बहाराची, कोणत्या बागेतली, याची नोंद बहुतेक वेळा नसते. मृग बहारातला भगवा आणि आंबे बहारातला गणेश यांच्या सालीत प्युनिकॅलॅजिन (सालीतलं मुख्य पॉलिफेनॉल, म्हणजे तुरट संयुग) सारखंच असेल असं धरून चालता येत नाही. पुढच्या वर्षी तोच प्रयोग जमला नाही की मग पेशींना दोष दिला जातो.

त्याहून मोठी भानगड फवारणीची, आणि तिच्याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही. तेल्या रोगाच्या धाकाने आपल्याकडच्या बागा बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड, स्ट्रेप्टोसायक्लिन यांनी न्हाऊन निघतात. बोर्डोच्या मोरचुदातलं तांबं बसतं ते सालीवरच. तांब्याचे आयन आणि पॉलिफेनॉल एकत्र आले की ऑक्सिडेशनची साखळी सुरू होऊ शकते आणि त्यात पेशी मरू शकतात. तांब्यामुळे होणाऱ्या एका पेशीमृत्यूला तर 2022 मध्ये क्युप्रोप्टोसिस असं स्वतंत्र नाव मिळालं. थोडक्यात, मेहनत डाळिंबावर आणि निकाल मोरचुदाचा, असं होण्याची पुरेपूर शक्यता आहे. शेतकऱ्याकडून फवारणीच्या तारखा लिहून घ्या, जमल्यास न फवारलेल्या झाडाची फळं मागा, आणि अर्कातलं तांबं अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनवर (धातू मोजायच्या यंत्रावर) एकदा मोजून टाका. कामाच्या मानाने हे काहीच नाही.

अर्क विरघळवल्यावर 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढता ना? सालीतलं एलॅजिक आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे त्यातलं बरंचसं फिल्टरवरच अडकतं. बाटलीवर '100 मायक्रोग्रॅम' लिहिलेलं राहतं आणि आत किती आहे ते देवालाच ठाऊक. गाळल्यानंतर एचपीएलसी (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारी तपासणी) करा, आधी नको. डीएमएसओ हे द्रावक वापरलं असेल तर कंट्रोलच्या (अर्क न दिलेल्या) पेशींनाही तेवढंच द्या आणि ते 0.5 टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका, 0.1 टक्क्यावर भागलं तर उत्तम.

'केबी' पेशी तोंडाच्या नाहीत

जुने प्रबंध चाळले की 'केबी, तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी' हे वाक्य अजून सापडतं. 1950च्या दशकात या पेशी त्याच नावाने जगभर गेल्या, पण तपासल्यावर त्या हेला निघाल्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या. घशाच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या हेप-2 चीही तीच गत. हा फरक नुसता नावाचा नाही. हेलामध्ये एचपीव्ही-18 हा विषाणू असतो आणि त्याचं ई6 प्रथिन पी53 ला, म्हणजे पेशीची राखण करणाऱ्या प्रथिनाला, नष्ट करत राहतं. तंबाखूतून झालेल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा पी53 जागेवर असतं पण बिघडलेलं असतं. अ‍ॅपॉप्टोसिसचा निम्मा रस्ता पी53 वरून जातो. मग हेलावर मिळालेला पी53 चा निकाल मिश्री लावणाऱ्या बाईच्या गालातल्या गाठीला कसा लावणार?

एससीसी-9, एससीसी-25, कॅल-27 या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी घ्या, किंवा भारतीय पेशंटकडून आलेल्या एडब्ल्यू13516 सारख्या पेशी मिळतात का बघा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणल्या तरी एसटीआर (पेशींची डीएनएवरून ओळख) तपासणीचा कागद फाईलला लावा. शेजारच्या लॅबमधून 'जरा एक फ्लास्क दे' म्हणून आणलेल्या पेशींवर प्रबंध उभा करू नका. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची तपासणीही करा. तो सूक्ष्मदर्शकात साधा दिसत नाही आणि निकाल मात्र सगळे वाकडे करतो.

'निरोगी पेशींना इजा नाही' असं लिहायचं असेल तर निरोगी म्हणून काय घेतलं तेही बघा. हेक-293 मूत्रपिंडाच्या आणि मुद्दाम अमर केलेल्या पेशी आहेत, व्हेरो माकडाच्या. हिरडीचे फायब्रोब्लास्ट किंवा तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशी हव्यात.

एमटीटी काय सांगतं आणि काय सांगत नाही

एमटीटी ही मोस्मन यांनी 1983 मध्ये दिलेली पद्धत स्वस्त आहे, सोपी आहे, म्हणून सगळे करतात. जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याचं क्षपण करून जांभळं फॉर्मेझान बनवतात आणि आपण ते 570 नॅनोमीटरवर मोजतो. म्हणजे मोजतो ती पेशींची चयापचयाची धावपळ. आकडा खाली आला तर पेशी मेल्या असतील, वाढायच्या थांबल्या असतील किंवा नुसत्या मंदावल्या असतील. तिन्हींचा रंग एकच फिका.

पॉलिफेनॉल असलेल्या अर्कात गोष्ट आणखी बिघडते. सालीतले टॅनिन स्वतःच एमटीटीचं क्षपण करतात. प्लेटमध्ये पेशी नसल्या तरी जांभळा रंग येतो! अशा वेळी जास्त डोसला पेशी 'वाढल्या' असं दिसतं आणि विद्यार्थी गोंधळून तो पॉइंट गाळून टाकतो. गाळू नका, तोच पॉइंट तुम्हाला खरं सांगतोय. मीडियम (पेशी वाढवायचा द्रव), अर्क आणि एमटीटी, पण पेशी नाहीत, असे वेल (प्लेटमधले खळगे) प्रत्येक डोसला ठेवा. एमटीटी घालण्याआधी अर्क काढून पेशी धुवा. आणि तोच प्रयोग एसआरबी किंवा क्रिस्टल व्हायोलेट या रंगांनी परत करा, कारण त्या पद्धती क्षपणावर चालत नाहीत.

दुसरा सापळा मीडियममध्ये आहे. डीएमईएमसारख्या मीडियममध्ये पॉलिफेनॉल टाकले की ते हवेतल्या ऑक्सिजनशी झगडून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. ग्रीन टीमधल्या ईजीसीजीबाबत हे चांगलंच सिद्ध झालेलं आहे. पेशी मग पेरॉक्साइडने मरतात आणि श्रेय वनस्पतीला जातं. शरीरात ही परिस्थिती तशीच असेल असं नाही. उपाय सोपा आहे: एका ओळीत अर्काबरोबर कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं विकर) घाला. परिणाम गायब झाला तर तुम्ही महागडा पेरॉक्साइड बनवलाय.

आयसी-50 (आकडा निम्म्यावर आणणारा डोस) किती आला याचाही विचार करा. कच्च्या अर्कासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा निकष मिलिलिटरला 20 ते 30 मायक्रोग्रॅमच्या आतला. 400 आला तर तो लिहा, लपवू नका, पण निष्कर्षात 'प्रभावी' हा शब्द वापरायचा मोह आवरा. आणि एकाच प्लेटमधले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (पिढीच्या) पेशींवर केले तरच ते तीन.

अ‍ॅपॉप्टोसिस सिद्ध करताना

केर, वायली आणि करी यांनी 1972 मध्ये अ‍ॅपॉप्टोसिसचं वर्णन केलं ते पेशी आकसणं, केंद्रकाचे तुकडे होणं, पेशीच्या कडेला फुगे येणं या रूपावरून. आज आपण अ‍ॅनेक्झिन आणि पीआयवर (मरू घातलेल्या आणि मेलेल्या पेशी दाखवणाऱ्या रंगांवर) भिस्त ठेवतो. पद्धत चांगली आहे, हातचलाखी मात्र फार होते.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे ट्रिप्सिन (पेशी तळापासून सोडवणारं विकर) घालण्याआधी जुनं मीडियम बेसिनमध्ये ओतणं. मेलेल्या आणि मरू घातलेल्या पेशी तळ सोडून त्यातच तरंगत असतात. त्या गेल्या, मग अ‍ॅपॉप्टोसिस चार टक्के. मीडियम, पीबीएस या खारट द्रावणाचं धुवण आणि ट्रिप्सिनने सुटलेल्या पेशी, सगळं एकाच नळीत जायला हवं. अ‍ॅनेक्झिनला चिकटायला कॅल्शियम लागतं. ट्रिप्सिनबरोबरचं ईडीटीए राहिलं तर ते कॅल्शियम पळवतं, म्हणून नीट धुवा आणि 2.5 मिलिमोलर कॅल्शियमचा बायंडिंग बफरच वापरा. पीबीएसने भागवू नका.

ज्यांना फ्लो सायटोमीटरसाठी (रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रासाठी) पुणं गाठावं लागतं त्यांची अडचण वेगळी. रंगवलेल्या पेशी तासाभरात मशीनवर जायला हव्यात. सोलापूर-पुणे प्रवास चार-पाच तासांचा, त्यात मे महिना. बर्फाच्या डब्यात रंगवलेले नमुने नेऊन मिळालेल्या आलेखावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. त्यात दिसणारा 'लेट अ‍ॅपॉप्टोसिस' हायवेवरचा असतो. एक तर पेशी तिथेच वाढवून तिथेच डोस द्या. नाहीतर इथे लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) बनवा, गोठवा, ड्राय आइसवर पाठवा आणि तुटलेलं कॅस्पेज-3 आणि पार्प (अ‍ॅपॉप्टोसिसची खूण सांगणारी प्रथिनं) वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनांच्या तपासणीवर बघा. लायसेटला प्रवास मानवतो.

हळदीवर काम करणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. कर्क्युमिन स्वतः हिरवं चमकतं आणि ते एफआयटीसीच्या (अ‍ॅनेक्झिनला जोडलेल्या हिरव्या रंगाच्या) चॅनलमध्येच मोजलं जातं. न रंगवलेल्या पण कर्क्युमिन दिलेल्या पेशींचा कंट्रोल नसेल तर पूर्ण आलेख हळदीचा फोटो आहे.

पॉझिटिव्ह कंट्रोल (ज्यात परिणाम नक्की दिसतो असा गट) म्हणून स्टॉरोस्पोरिन ठेवा (तेही निसर्गातलंच, जिवाणूतून मिळालेलं). आणि झेड-व्हॅड-एफएमके हा कॅस्पेजरोधक एका गटाला द्या. तो देऊनही पेशी तेवढ्याच मरत असतील तर मृत्यू कॅस्पेजच्या वाटेने झालेला नाही. नेक्रोप्टोसिस, फेरोप्टोसिस अशा इतर वाटा तपासाव्या लागतील. शीर्षक बदलायची तयारी ठेवा. एवढ्यावर डॉकिंगचं (संगणकावर रेणू प्रथिनात बसवल्याचं) चित्र लावून बाजू भक्कम होत नाही, त्यातही प्युनिकॅलॅजिनसारखा हजाराहून अधिक रेणुभाराचा रेणू बीसीएल-2 या प्रथिनाच्या खाचेत बसवला असेल तर मुळीच नाही.

डोस तोंडात पोचणार कसा?

माणसांना दिवसाला 8 ग्रॅम कर्क्युमिन देऊनही एका चाचणीत रक्तातली पातळी सरासरी पावणेदोन मायक्रोमोलरच्या आसपासच गेली. प्लेटमध्ये आपण सहज 20-40 मायक्रोमोलर घालतो. प्युनिकॅलॅजिन तर आहे तसं रक्तात जातच नाही म्हणा ना. आतड्यात त्याचं एलॅजिक आम्ल होतं आणि तिथले जिवाणू त्याचे युरोलिथिन बनवतात. तेव्हा 'डाळिंब खाल्ल्याने' असं म्हणायचं असेल तर युरोलिथिन तपासा.

तोंडाच्या कॅन्सरला एक सोय आहे: जेल किंवा चूळ थेट जागेवर लागू शकते. मग प्रयोगही तसा हवा. चूळ तोंडात मिनिटभर राहते, 48 तास नाही. पाच-दहा मिनिटं अर्क लावून, धुवून, दोन दिवसांनी मोजलं तर काय उरतं ते बघा. माझ्या मते या विषयात सोलापूरच्या विद्यार्थ्याला करण्यासारखा हाच खरा नवा प्रयोग आहे.

राहिली ती बातमी. निकाल आला की कुणीतरी 'डाळिंबाच्या सालीने कॅन्सर बरा' असा मजकूर फिरवतो आणि आठवड्यात ओळखीतले फोन येतात. कुंभारीकडून एखादी विडी वळणारी मावशी विचारेल, काढा किती वेळा घ्यायचा? उत्तर आधीच तयार ठेवा: प्लेटमधल्या पेशींवरचं काम आहे, माणसावरचं नाही. तोंडातला चट्टा किंवा जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर सिव्हिलला किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात दाखवा. तिथे 1987 पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणीही चालते. गाठ लहान असतानाची शस्त्रक्रिया आणि सहा महिने काढा घेऊन मग केलेली शस्त्रक्रिया यांत अख्ख्या जबड्याचा फरक पडू शकतो. आणि काढा चालूच असेल तर तो लपवू नका, डॉक्टरांना सांगा.