फॉरवर्ड दाबायच्या आधी: दुबई, जर्मनी, अमेरिका आणि आपल्याकडे काय चालतं, काय अंगाशी येतं

आमचा कॉलेजचा ग्रुप आहे, त्यात एक जण शारजात, एक जोडपं श्टुटगार्टला, दोघंतिघं न्यू जर्सीत आणि बाकी सगळे डोंबिवली-ठाणे-पुणे. मीम सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी येऊन पडतं, आणि ज्याला डोंबिवलीत नुसते हसण्याचे इमोजी मिळतात तेच शारजावाल्याने पुढे ढकललं तर त्याची नोकरी जाऊ शकते. बाहेर गेलेल्या किंवा जाणाऱ्या सगळ्यांनी वाचावं म्हणून एकदाच नीट लिहून टाकतेय.

आधी एवढं लक्षात घ्या की तुम्ही आत्ता जिथे उभे आहात तिथला कायदा तुम्हाला लागतो, मग कंपनीचा सर्व्हर कॅलिफोर्नियात असो नाहीतर आणखी कुठे. वर पासपोर्ट भारताचा असेल तर भारतीय न्याय संहितेच्या पहिल्याच कलमात सांगितलंय की भारतीय नागरिकाने देशाबाहेर केलेल्या गुन्ह्यालाही संहिता लागू आहे, त्यामुळे "मी कॅनडात बसलोय, माझं कोण काय वाकडं करणार" हे डोक्यातून काढा. आणि फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब यांचे स्वतःचे नियम वेगळेच. कायद्याने चालणारी पोस्ट कंपनी उडवू शकते, आणि कंपनीने राहू दिलेली पोस्ट पोलीस केस होऊ शकते. म्हणजे "फेसबुकने तर काढली नाही ना" हा काही बचाव नाही.

आता आखात. आपली सगळ्यात जास्त माणसं तिथे आणि सगळ्यात जास्त बेफिकिरीही तिथेच, म्हणून जरा सविस्तर. यूएईचा सायबर कायदा म्हणजे २०२१ चा ३४ नंबरचा डिक्री कायदा, जानेवारी २०२२ पासून लागू. त्यात ऑनलाइन शिवीगाळ किंवा अपमान हा गुन्हा आहे आणि दंड अडीच लाख ते पाच लाख दिरहम. आणि हे फक्त पब्लिक पोस्टला नाही, व्हॉट्सॲपवर एकट्याला पाठवलेल्या मेसेजलाही लागतं. रूम पार्टनरशी भाड्यावरून वाजलं, रागात दोन शिव्या टाईप केल्या, त्याने स्क्रीनशॉट घेऊन पोलीस स्टेशन गाठलं, संपलं. तोंडाने भांडलात तर निदान स्क्रीनशॉट तरी राहत नाही!

फोटोचं तर विचारूच नका. परवानगीशिवाय कुणाचा खाजगी फोटो काढून टाकणं, ॲक्सिडेंटमधल्या जखमीचा व्हिडिओ काढणं, याला कमीत कमी सहा महिने कैद किंवा दीड लाखापासून पुढे दंड किंवा दोन्ही. दीड लाख दिरहम म्हणजे आपले साधारण पस्तीस लाख रुपये. आपल्याकडे हायवेवर ट्रक उलटला की पहिले मोबाईल बाहेर येतात, ती सवय विमानात बसायच्या आधी सोडा. अफवेचंही तसंच, खोटी बातमी पसरवली तर किमान एक वर्ष आणि एक लाख दिरहम, आणि "मी नुसतं फॉरवर्ड केलं, वर 'ॲज रिसिव्हड' लिहिलं होतं" याने काही सुटका होत नाही.

आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही ती गोष्ट म्हणजे वर्गणी. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला, कुणी ग्रुपवर क्यूआर कोड टाकला, शारजावाल्याने तो तिथल्या चार मराठी ग्रुपांत फिरवला. यूएईत लायसन्स असलेल्या संस्थेशिवाय कुणालाही देणगी गोळा करता येत नाही, ऑनलाइन आवाहनसुद्धा नाही. देवळाला पैसे द्यायचेत ना, मग गावातल्या भावाला गुपचूप पाठवा आणि त्याला द्यायला सांगा, ग्रुपवर आवाहन नको.

धर्माबद्दल तर एक शब्द नको, कुठल्याच धर्माबद्दल. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या काळात तिथल्या काही भारतीयांनी मुसलमानांबद्दल घाणेरड्या पोस्टी टाकल्या, बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या आणि शेवटी आपल्या राजदूतांना ट्विट करून सांगावं लागलं की भेदभाव इथल्या कायद्याविरुद्ध आहे, विसरू नका. व्हीपीएन (आपण कुठून बोलतोय ते लपवणारं ॲप) लावून करू म्हणाल तर गुन्ह्यासाठी व्हीपीएन वापरणं हा आणखी वेगळा गुन्हा, दंड पाच लाख ते वीस लाख दिरहम.

जर्मनीत सगळं उलट. चान्सलरवर वाट्टेल तेवढी टीका करा, धोरणाच्या चिंध्या उडवा, पण हिटलर आणि नाझी या विषयावर तिथे गंमत नाही. आपल्याकडे लोक बॉसला "अगदी हिटलर आहे" म्हणतात, स्टेटसला हिटलरचा कोट टाकतात, सलाम ठोकल्याचे फोटो काढतात. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन चिनी पर्यटकांनी बर्लिनमध्ये संसदेसमोर तो सलाम करत फोटो काढले, दोघांना तिथेच पकडलं आणि प्रत्येकी ५०० युरो भरून सोडलं. दंड संहितेच्या ८६ए कलमाखाली नाझी चिन्हं दाखवल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि ज्यूंचा नरसंहार झालाच नाही असं जाहीर म्हटलं तर पाच वर्षांपर्यंत.

मग आपल्या स्वस्तिकाचं काय, हा प्रश्न दर दिवाळीला येतो. देवघरात, रांगोळीत, लग्नपत्रिकेवर काढलेलं हिंदू स्वस्तिक म्हणजे नाझी चिन्ह नाही आणि कायदा त्याच्या मागे नाही. पण शेजाऱ्याला ते दिसत नाही ना, त्याला फक्त आकार दिसतो. म्हणून फोटो टाकताना पूर्ण रांगोळी, पणत्या, पूजेचं ताट असं सगळं येऊ द्या, नुसतं स्वस्तिक डीपीला नको आणि गाडीच्या बोनेटवर तर नकोच. (ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ च्या कायद्यात हिंदू, बौद्ध, जैन वापराला सरळ सूट लिहून दिली, तेवढं सोपं सगळीकडे नाही.) शिवाय जर्मनीत साधा अपमानसुद्धा फौजदारी गुन्हा आहे, ट्रॅफिक पोलिसाला मूर्ख म्हणालात तरी दंडाचं पत्र घरी येऊ शकतं.

थायलंडला फिरायला जाणाऱ्यांनी एकच पाळायचं: राजा-राणीवर मीम नाही, शेअर नाही, काहीच नाही. कलम ११२, एका गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षं, आणि शेअर केल्याबद्दलही लोक आत गेलेत. सिंगापूरमध्ये २०१९ च्या पोफ्मा या खोट्या माहितीविरोधी कायद्याने मंत्री तुमच्या पोस्टखाली सरकारची दुरुस्ती लावायला सांगू शकतो, आणि कोर्टात अपील केलं तरी तोवर ती लावावीच लागते. ब्रिटनमध्ये २०१० साली विमानतळ उडवून देईन असं वैतागून विनोदाने ट्विट करणाऱ्या माणसाला दंड झाला, नोकरी गेली आणि हायकोर्टात निर्दोष सुटायला २०१२ उजाडलं.

अमेरिकेत काहीही बोला असं वाटतं ते अर्धं खरं आहे. बोलण्याचं स्वातंत्र्य देणारी तिथली पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, तुमच्या खाजगी कंपनीला किंवा फेसबुकला नाही. आणि व्हिसावर असाल तर हिशोबच वेगळा: २०१९ पासून व्हिसाच्या फॉर्मवर मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची नावं लिहावी लागतात, जून २०२५ पासून स्टुडंट व्हिसावाल्यांना प्रोफाइल पब्लिक करायला सांगतात आणि डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा), एच-फोर (त्यांच्या नवरा-बायको-मुलांचा) वाल्यांनाही. तेव्हा अर्ज भरण्याआधी आपलंच जुनं अकाउंट एकदा खालपर्यंत वाचून काढा, पण फॉर्मवर अकाउंट लपवू नका, ते खोटं बोलणं धरलं जातं आणि पोस्टपेक्षा ते महागात पडतं.

आता आपल्याकडचं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब गेले तेव्हा मुंबई बंद होती, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, मैत्रिणीने नुसतं लाईक केलं, दोघींना अटक झाली. तिथून सुरू झालेल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये आयटी ॲक्टचं ६६ए कलम, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिण्याबद्दल अटक करायचं कलम, रद्द केलं. तरी नंतर वर्षानुवर्षं पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले आणि २०२२ मध्ये कोर्टाला परत सांगावं लागलं. म्हणून एफआयआरची कॉपी हातात आली की पहिलं कलम बघा, ६६ए दिसलं तर वकिलाला तेच आधी दाखवा. बाकी न्याय संहितेची कलमं आहेतच, गटागटांत तेढ लावली तर १९६, धार्मिक भावना दुखावल्या तर २९९, बदनामी ३५६. ग्रुप ॲडमिनना मात्र थोडा दिलासा आहे, मेंबरने टाकलेल्या घाणीला ॲडमिन आपोआप जबाबदार नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या केसमध्ये म्हटलंय, फक्त दोघांचं आधीच संगनमत नसलं पाहिजे.

आणि तुमचीच पोस्ट गायब झाली तर? आधी नोटीस नीट वाचा. कम्युनिटीचे नियम मोडले असं असेल तर तो कंपनीचा निर्णय, तिथेच अपील करा. भारतात विथहेल्ड (म्हणजे रोखून ठेवली), कायदेशीर मागणीमुळे, असं काही असेल तर सरकारचा किंवा कोर्टाचा हुकूम आहे आणि पोस्ट बहुतेक बाहेर दिसतेय, न्यू जर्सीवाल्या मित्राला उघडून बघायला सांगा. (देशापुरतं झाकायची ही पद्धत जुनी आहे, २००० साली फ्रान्सच्या कोर्टाने याहूला नाझी वस्तूंचे लिलाव फ्रेंच लोकांना दिसू देऊ नका म्हणून सांगितलं तेव्हापासून हा वाद चालू आहे.)

भारतातून तक्रार करायची तर कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला लिहा, २४ तासांत पोच द्यायची असा २०२१ चा नियम आहे, उत्तराची मुदत तेव्हा १५ दिवस होती, फेब्रुवारी २०२६ पासून ती ७ दिवस झालीय. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या ग्रीव्हन्स अपेलेट कमिटीकडे ऑनलाइन अपील, फी नाही. युरोपात असाल तर पोस्ट का काढली याचं लेखी कारण देणं तिथल्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टने बंधनकारक आहे आणि कंपनीकडे तक्रार करायला निदान सहा महिने मिळतात. भारतात आयटी ॲक्टच्या कलम ६९ए खाली, म्हणजे सरकारच्या हुकमाने, ब्लॉक झालं असेल तर अवघड, कारण तो हुकूम गोपनीय असतो आणि कॉपी मिळायला बहुतेक वेळा हायकोर्टच गाठावं लागतं. तिथे वकील पहिल्यांदा मागतो तो पूर्ण लिंक आणि तारीख-वेळ दिसणारा नोटिशीचा स्क्रीनशॉट, तेव्हा नोटीस दिसल्या दिसल्या तो काढून स्वतःला ईमेल करून ठेवा, ॲपमधली नोटीस चार दिवसांनी सापडेलच असं नाही.