पोलंडच्या सरदारांच्या गावातले ज्यू : हा इतिहास वाचायचा कसा

आपल्याकडं इतिहास घेतलेली पोरं ज्यूंचा विषय निघाला की डायरेक्ट हिटलरवर जातात, त्याच्या आधीची काही शतकं तशीच राहून जातात, म्हणून हे लिहितोय. परभणी, बीड, नांदेडकडच्या माणसाला हा टॉपिक खरं तर अवघड नाहीच, निजामाच्या काळातल्या जहागिरी, मक्ते, सनदा घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या असतात.

आधी नकाशा घ्या आणि गाव कोणाचं ते बघा, राजाचं का सरदाराचं. १२६४ ला पोलंडमधल्या कालिशच्या सनदेनं ज्यूंच्या जिवाला, मालमत्तेला, सिनेगॉगला (त्यांच्या प्रार्थनास्थळाला) संरक्षण मिळालं, पुढच्या राजांनी ते चालू ठेवलं. पण १५३९ ला राजानं सांगून टाकलं की सरदारांच्या गावातले ज्यू आता सरदारांनीच बघायचे, टॅक्स पण त्यांचा अन् न्याय पण त्यांचाच. ही तारीख वहीत ठळक लिहा. राजाच्या बऱ्याच शहरांनी ज्यूंना बंदी घालून घेतली होती आणि सरदारांना नवी गावं वसवायला व्यापारी माणूस पाहिजेच होता, यान झामोयस्कीनं तर १५८८ ला आपल्या झामोश्च शहरात सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या) ज्यूंना सनद देऊन बसवलं. १८व्या शतकात तिथले निम्म्याहून जास्त ज्यू अशा खासगी गावांत होते.

मग पैसा बघा. दारूची भट्टी, खानावळ, गिरणी, जकात हे सगळं सरदार मक्त्यानं द्यायचा, त्याला रोकड मिळायची, कुळांना दारू मालकाचीच घ्यावी लागायची पण वसुलीला समोर यायचा तो ज्यू मक्तेदार, राग सगळा त्याच्यावर. १६४८ ला तेव्हा पोलंडच्याच राज्यात असलेल्या युक्रेनमधे कोसॅकांचा पुढारी खमेलनित्स्की याचं बंड झालं तेव्हा नेमिरिव गावाला ज्यूंची भयानक कत्तल झाली, त्यामागं धर्माचा द्वेष होताच पण हा राग सोडून ते समजणार नाही.

सनदा वाचून झाल्या की माणसांचं लिहिलेलं वाचा, हे अजिबात टाळू नका. सलोमन मायमोन हा १८व्या शतकातला तिथलाच ज्यू तत्त्वज्ञ, त्यानं आत्मचरित्र लिहिलंय. त्याचा आजोबा राद्झिविल या बड्या सरदार घराण्याच्या जमिनीवर मक्तेदार होता. तिथला पूल मोडकळीला आलेला, दुरुस्ती करारानं मालकाकडं, तो करायचा नाही, आणि एखाद्या सरदाराचा घोडा तिथं अडकला की मार मक्तेदाराला. शेवटी आजोबानं पुलावर माणूस बसवला, कोणी सरदार येताना दिसला की सगळं घर जंगलात पळायचं. सनदेत लिहिलेलं संरक्षण आणि हे, दोन्ही एकाच पानावर लिहून ठेवा.

ज्यूंची स्वतःची पंचायत, काहाल, ती पण बघा, टॅक्सची वाटणी तीच करायची, आणि तिच्यावरची चार प्रांतांची परिषद १७६४ ला बंद केली.

जर्मनीकडं एकच केस घ्या, झ्यूस ओपेनहायमर या ज्यू सावकाराची. वुर्टेमबर्गच्या ड्यूकचा पैशाचा सगळा कारभार त्याच्याकडं, ड्यूक १७३७ ला मेला की लगेच अटक, १७३८ ला श्टुटगार्टमधे फाशी. म्हणून प्रत्येक सनदेपुढं देणारा कधी मेला ते पण लिहा, आणि त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षात तिथल्या ज्यूंचं काय झालं ते शोधा.