पोरांचा ग्रुप घेऊन ट्रेकला किंवा कॅम्पला निघालात? या चुका टाळा

१२ ते १८ वयाची पोरं घेऊन डोंगरात, जंगलात नाहीतर पाण्यावर जायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात आधी येतात कडे, साप आणि नदी. ती काळजी घ्यायलाच हवी, त्यात वाद नाही, पण ट्रिप बिघडते ती बहुतेक वेळा कुणीतरी गप्प बसल्यामुळे. या वयातली पोरं स्वतःला काय होतंय ते सांगत नाहीत. टाच सोलवटलीये, पाणी संपलंय, भीती वाटतेय, पाळी आलीये, काहीही असो, मित्रांसमोर कमीपणा नको आणि आपल्यामुळे सगळे थांबायला नकोत म्हणून मुकाट सहन करत चालत राहतात. त्यामुळे न सांगितलेलं ओळखणं हे लीडरचं निम्मं काम आहे, आणि खालच्या जवळजवळ सगळ्या चुका तिथेच येऊन अडतात.

फास्ट पोरांना पुढे सोडून देणं

ही चूक मी सगळ्यात वरती ठेवेन. होतं काय, की पुढची चार-पाच पोरं सुसाट जातात, वर जाऊन मस्त बसतात, पाणी पितात, गप्पा मारतात, आणि पंधरा मिनिटांनी शेवटची मुलगी धापा टाकत तिथे पोचते तोवर पुढचे म्हणतात चला, आता निघूया. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना ती मिळाली आणि जिला सगळ्यात जास्त गरज होती तिला शून्य. असं दोन-तीन वेळा झालं की ती मुलगी खचते, मग पाय कुठे पडतोय तेही बघत नाही आणि तिथेच घोटा मुरगळतो.

उपाय सोपा आहे. हळू चालणाऱ्यांना पुढच्या लीडरच्या लगेच मागे ठेवा आणि सगळ्यांनी त्यांच्या वेगाने चाला. पण "तू स्लो आहेस म्हणून पुढे ये" असं चुकूनही म्हणू नका, "आज पेस तू ठरव" म्हणा, फार फरक पडतो. एक मोठं माणूस कायम सगळ्यात शेवटी, आणि त्याच्या मागे कुणीच राहायचं नाही, फोटो काढायला सुद्धा नाही. ब्रेकची वेळ शेवटचा भिडू येऊन बसला आणि पाणी प्यायला की मोजायला सुरुवात करायची, त्याआधी नाही. आणि ज्यांच्या अंगात रग आहे त्यांना काम द्या, नकाशा सांभाळ, दोर उचल, दमलेल्याच्या सॅकमधलं दोन किलो सामान तुझ्यात घे, पोरं हे आनंदाने करतात.

वेळेचा हिशोब स्वतःच्या पायांनी करणं

विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला होता तो आजही वापरतात: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे १२ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर साधारण ३ तास २५ मिनिटं. पण हा हिशोब तंदुरुस्त माणसाचा आणि न थांबता चालण्याचा आहे, पोरांच्या ग्रुपला कमीत कमी दीडपट धरा, म्हणजे पाच तासांच्या वरच. आणि परत फिरायची वेळ घरूनच ठरवून सगळ्यांना सांगून ठेवा, समजा दुपारी १ वाजता आपण जिथे असू तिथून मागे. वरती गेल्यावर "अजून वीसच मिनिटं आहेत" म्हणणारे दहा जण असतात आणि त्यावेळी नव्याने निर्णय घ्यायला गेलात की तो चुकतोच.

"सगळे आले का?" असं विचारणं

याला उत्तर कायम "होऽऽ" असंच येतं आणि त्याला काही अर्थ नसतो. सकाळीच प्रत्येकाला एक नंबर द्या आणि मोजणीला पोरांनी ओळीने आपापला नंबर ओरडायचा, मधला एक गाळला गेला की लगेच कळतं. गाडीतून उतरल्यावर, फाट्यावर, टॉयलेट ब्रेकनंतर, पाण्यातून बाहेर आल्यावर मोजणी हवीच. शिवाय प्रत्येकाला एक जोडीदार, टॉयलेटला जाताना सुद्धा जोडीदाराला सांगून जायचं.

आणि एक जण कमी भरला तर? पहिली गोष्ट, बाकीच्यांना तिथेच खाली बसवा. पोरं शोधायला चार दिशांना पळाली की एकाचे चार हरवतात. शेवटचं कुणी कुठे पाहिलं ते विचारा, आणि दोन मोठी माणसं आल्या वाटेने मागे जाऊ द्या, ग्रुपजवळ मात्र एक मोठं माणूस थांबलंच पाहिजे. हरवलेल्याने काय करायचं हे निघायच्या आधी शिकवून ठेवा: जिथे आहेस तिथेच थांब आणि शिट्टी वाजव, मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट गप्प, परत सहा वेळा. ही डोंगरातली आंतरराष्ट्रीय खूण आहे, उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं. त्यामुळे शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी, सॅकच्या तळाशी नको.

टाचेकडे दुर्लक्ष

निघाल्यावर अर्ध्या तासाने एकदा थांबा आणि सगळ्यांना बूट-मोजे काढायला लावा, "कुणाला काही होतंय का" विचारूच नका. टाचेवर किंवा करंगळीच्या बाजूला त्वचा गुलाबी आणि गरम लागत असेल तर फोड तिथेच येणार आहे. जागा पुसून पूर्ण कोरडी करा, टेप सुरकुती न पडता सपाट लावा, मोज्याची शिवण त्या जागेवर येत नाही ना बघा. पाच मिनिटांचं काम आहे. हेच दोन तासांनी केलं तर फोड फुटलेला असतो आणि ते पोर लंगडत लंगडत दुसरा पायही दुखवून घेतं. नवे कोरे बूट थेट ट्रेकला आणायचे नाहीत हे पालकांना दोनदा सांगा.

ऊन, थंडी, वीज

कायम बडबड करणारं पोर अचानक शांत झालं किंवा उगाच चिडचिड करायला लागलं की थांबा, सावलीत बसवा, पाणी आणि ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट टीस्पून साखर आणि अर्धा टीस्पून मीठ. मात्र असंबद्ध बोलतंय, झोकांड्या खातंय, अंग भाजतंय तर हा उष्माघात असू शकतो, यात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं, तेव्हा मदत बोलवा आणि गाडी यायची वाट न बघता तिथल्या तिथे पाणी ओतून, वारा घालून थंड करायला घ्या.

थंडीचं उलटं, ती बर्फातच लागते असं नाही. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात भिजलेले कपडे आणि वारा असला की झालं. कुडकुडणं, बोबडं बोलणं, साधी चेन लावता न येणं, या खुणा दिसल्या की ओले कपडे काढा, कोरडे घाला, जमिनीवर मॅट टाकून बसवा, पूर्ण शुद्धीत असेल तर गरम गोड प्यायला द्या. कुडकुडणं थांबलं आणि पोर सुस्त होत चाललंय तर बरं वाटतंय असं समजू नका, ते वाढत चाललंय, लगेच मदत हवी.

विजेचं थोडक्यात: चमकल्यापासून आवाज ३० सेकंदांच्या आत आला तर माथ्यावरून आणि एकट्या झाडाखालून निघा, घोळका करू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.

"पोहता येतं का?"

सगळे हो म्हणतात. उथळ, शांत पाण्यात एकेकाला पोहायला लावून स्वतः बघा, तोवर कुणाच्याही शब्दावर जाऊ नका. कयाक असो की तराफा, लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पट्टे ओढून घट्ट, खांद्याला धरून वर उचललं तर हनुवटीपर्यंत यायला नको. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ग्रुप घेऊन उतरूच नका, लांबचा पूल शोधा किंवा परत फिरा.

फॉर्मवर विश्वास

मेडिकल फॉर्ममध्ये बरेच पालक सगळीकडे "नाही" लिहून देतात, ट्रिपला घेणार नाहीत या भीतीने. म्हणून आठवडाभर आधी प्रत्येक घरी फोन करा आणि नावं घेऊन विचारा, दमा? फिट्स? ॲलर्जी? अंथरूण ओलं होतं का? हे कुणासमोर वाचून दाखवणार नाही असं स्पष्ट सांगा, मग लोक बोलतात. इनहेलर पोराच्या स्वतःच्या खिशात हवा, गाडीत ठेवलेला काही कामाचा नाही. सॅनिटरी पॅड्स लीडरकडे ठेवा आणि ते कुठल्या कप्प्यात आहेत ते आधीच सांगा म्हणजे कुणाला मागावंच लागणार नाही.

शेवटचं, घरी थांबणाऱ्या एका जबाबदार माणसाकडे रूट, सगळ्यांची नावं, पालकांचे नंबर आणि खाली पोचायची वेळ लिहून द्या. आणि त्या वेळेनंतर किती वाजेपर्यंत वाट बघायची आणि मग कुणाला फोन करायचा तेही त्याच कागदावर लिहा, नाहीतर तो माणूस "येतील अजून" म्हणत रात्र काढतो.